कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात?

नाशिककडच्या शिक्षकांशी ऑनलाइन तासांबद्दल बोलणं निघालं की गाडी कॅमेऱ्यावर येऊन अडते: सक्ती करावी की नाही? काळ्या चौकटींसमोर बोलणं जिवावर येतं, हे मान्य. पण सुरगाण्याहून मोबाइलवर तासाला बसणाऱ्या मुलीला दीड जीबी डेटा दिवसभर पुरवायचा असतो. रेंज कमी असताना कॅमेरा लावला की आधी मॅडमचा आवाज तुटतो.

इथे ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा ऑनलाइन तास कुठे होते? टपालाने आलेल्या स्वाध्यायावर ट्यूटर शेरे लिहून पाठवत, आणि त्यातूनच ओळख होई. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशकात आहे, म्हणजे दुरून शिकवणं आपल्यालाही नवं नाही. फरक गटाच्या आकाराचा. इथे ट्यूटरकडे मोजकीच मुलं असतात. तिकडे एका लिंकवर शंभर, आणि हे शिक्षकाच्या हातात नसतं, हेही खरं.

तरी शंभरांतही करता येतं. प्रश्न विचारून सगळ्यांना चॅटमध्ये उत्तर लिहायला सांगा, पण ‘मी म्हणेपर्यंत पाठवू नका’ अशी अट घाला. दीड मिनिट गप्प बसा (हेच सगळ्यात अवघड), मग एकदम पाठवायला लावा. नाहीतर पहिल्या हुशार उत्तराची बाकीचे नक्कल करतात. आलेल्यांतली तीन उत्तरं नाव घेऊन वाचा. त्यातलं एक चुकलेलं असू द्या, पण ते नाव न घेता.

गट पाडायचे तर चौघांचे, आणि महिनाभर तेच ठेवा. दर वेळी नवे केले की निम्मा वेळ ‘हॅलो, आवाज येतोय का’मध्येच जातो. ‘चर्चा करा’ एवढंच सांगितलं की गट मुके होतात. आठ मिनिटांत दोन ओळींचं उत्तर मागा, ते कोण सांगणार हे आधीच ठरवा. प्रश्न व्हॉट्सॲपवरही टाका, कारण रेंज जाऊन परतलेल्याला काय चाललंय ते कळत नाही.

स्वाध्याय सगळ्यांचे एकदम तपासणं शक्य नसेल, तर आठवड्याला दहा जणांना मिनिटभराची व्हॉइस नोट पाठवा. ‘छान’ म्हणून सोडू नका. तिसऱ्या परिच्छेदात उदाहरण कुठे कमी पडलं ते सांगा. दहा आठवड्यांत शंभर होतात.