लक्ष्मीची पावलं आणि केरवोख

धनत्रयोदशीच्या सकाळी नऊ वाजता समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी आमची रांगोळी आम्हाला परत आणून दिली. झिपच्या पारदर्शक पिशवीत भरून, हवा काढून, पट्टी नीट दाबून. ‘‘तुमचं काहीतरी सांडलं होतं,’’ म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी वसुबारसेला काढलेली गोपद्मं, मधलं कमळ आणि उंबऱ्याकडे जाणारी लक्ष्मीची पावलं असा सगळा ऐवज त्या पिशवीत होता. (स्वस्तिक इथे दाराबाहेर काढायचं नसतं. जर्मनीत ते का, हे सांगायला नको.) बाईंवर ओरडावं तर त्यांच्याकडून गुन्हा काहीच घडला नव्हता. त्यांची केरवोख होती.

स्टुटगार्टमध्ये राहायचं तर केरवोख समजून घ्यावी लागते. दर आठवड्याला इमारतीतल्या एकेका बिऱ्हाडावर जिना झाडण्यापुसण्याची पाळी येते. पाळी ज्याची, त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकते. आपलं काम आटोपलं की पाटी शेजाऱ्याच्या मुठीला अडकवायची. छोट्या केरवोखीत आपल्या मजल्याचा जिना, कठडा, खिडकीची कड. मोठीत तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, फुटपाथ आणि हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ. हे खूळ आजकालचं नाही. आठवड्याच्या आठवड्याला आपली घाण बाहेर नेण्याचा नियम या शहरानं 1492 साली केला. त्याच वर्षी कोलंबस भारतात यायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. तो पोचला असता तर कदाचित आमच्याकडेही जिने स्वच्छ राहिले असते. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, पण बहिणी-बहिणींत एवढा फरक मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पिशवी हातात ठेवून बाई जातील असं वाटलं होतं. त्या हलल्या नाहीत. सत्तरी ओलांडलेली, ताठ, पायात लोकरी सपाता, चष्मा दोरीला. त्यांना काही शंका होत्या.

‘‘हे कुठल्या डब्यात टाकायचं?’’

इमारतीखाली कागदाचा, वेष्टणांचा, बायो आणि उरलेल्या कचऱ्याचा असे वेगवेगळे डबे आहेत आणि चुकीच्या डब्यात चुकीची वस्तू हा इथे चारित्र्याचा प्रश्न असतो. मी म्हटलं, पांढरी पूड दगडाची आहे.

‘‘मग उरलेल्या कचऱ्यात. आणि हे पिवळं?’’

‘‘हळद.’’

‘‘म्हणजे वनस्पती. बायो.’’ बाईंनी पिशवी उजेडाकडे धरली. ‘‘लाल?’’

‘‘कुंकू.’’

‘‘ते कशाचं?’’

खरं कुंकू हळदीचंच, चुना वगैरे घालून केलेलं. पण पुड्यातलं कशाचं असतं हे करणाऱ्यालाच ठाऊक. मी तसं सांगितलं. ठाऊक नसलेल्या वस्तूंचा डबा खाली नाही. बाईंनी मान हलवली. ‘‘हे मिसळण्याआधी वेगवेगळं ठेवायला हवं होतं.’’

वेगवेगळंच होतं हो! रात्रभर, रेषेला रेष न लागता वेगवेगळं होतं! मिसळलं कुणी? पण हे वाक्य जर्मनमध्ये सभ्यपणे बोलायचं तर क्रियापद शेवटी येतं, आणि तिथवर पोचेपर्यंत बाई दुसऱ्या शंकेवर गेल्या होत्या.

‘‘झाडण्याआधी मी फोटो काढलाय,’’ त्यांनी फोन पुढे केला. ‘‘ही पावलं आहेत ना?’’

‘‘हो.’’

‘‘सगळी आत जातात. बाहेर येणारं एकही नाही.’’

‘‘तशीच काढतात.’’

‘‘म्हणजे तुमच्याकडे कुणी राहायला आलंय?’’

आता लक्ष्मीची ओळख समोरच्या बाईंना करून कशी द्यायची? मी म्हटलं, देवी आहे. आमच्याकडे या दिवसांत येते.

‘‘किती दिवस?’’

पहा आता. उभी हयात हात जोडून आपण जे मागत आलो ते खोटं बोलून कसं बुडवायचं? तेही धनत्रयोदशीला? मी खरं ते सांगितलं. कायमची राहावी अशी इच्छा आहे.

बाईंचा चेहरा गंभीर झाला. ‘‘कायमची राहणार असेल तर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. आणि या इमारतीत पाण्याचा आणि कचऱ्याचा खर्च माणशी वाटतात. तुमच्या घरातली माणसं तीन लिहिलेली आहेत.’’

‘‘ती पाणी वापरत नाही.’’

‘‘अंघोळ?’’

‘‘पंचामृतानं.’’ हे तोंडातून निसटलं, आणि मग त्यात काय काय असतं हे सांगावं लागलं. दूध, दही, तूप, मध, साखर.

‘‘तूप?’’ बाई एक पाऊल पुढे आल्या. ‘‘ते मोरीत जातं?’’

‘‘चमचाभर असतं. आणि आम्ही ते तीर्थ म्हणून पितो.’’

अंघोळीचं पाणी हे लोक पितात, ही माहिती बाईंनी शांतपणे पचवली. ‘‘ते बरं,’’ म्हणाल्या. ‘‘स्निग्ध पदार्थ नळीत सोडायचे नसतात. आणि त्यावरून आठवलं. परवापासून जिन्यात जो वास येतोय, त्या तेलाचं तुम्ही काय करता?’’

तर आता त्या वासाविषयी.

जर्मनीत भाड्याच्या घरांत पुष्कळदा स्वयंपाकघर नसतंच. भिंतीतून नळ आणि वायरी बाहेर आलेल्या असतात, ओटा-कपाटं-शेगडी तुम्ही आणायची. जिथे असतं तिथे काचेची सपाट विजेची शेगडी असते आणि वर धुरांडं. हे धुरांडं बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही. कोळशाच्या गाळणीतून फिरवून ती परत तुमच्याच तोंडावर सोडतं. गाळणी दर काही महिन्यांनी बदलली नाही तर ते नुसतं आवाज करतं. मग चार वाट्या भाजणीच्या चकल्यांचा वास दाराच्या फटीतून जिन्यात जाणार नाही तर कुठे जाईल?

शिवाय ही शेगडी चकलीची वैरीण आहे. गॅसवर आच कमी केली की त्या क्षणी कमी होते. काचेच्या शेगडीत आकडा 8 वरून 5 वर आणला तरी तापलेली काच पुढची काही मिनिटं तेल तापवतच राहते. चकल्या बाहेरून तांबूस, आतून ओल्या. तळल्यावर कुरकुरीत वाटतात आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडतात. मग भाजणीला दोष, सोऱ्याला दोष, सासूनं पाठवलेल्या डाळीला दोष. डाळीचा दोष नसतो. इथे गोल बुडाची कढई विसरायची. काचेला ती टेकते जेमतेम रुपयाएवढी. जाड बुडाचं सपाट पातेलं घ्यायचं, त्यात निदान लिटरभर तेल आणि एका वेळी चारच चकल्या. जास्त टाकल्या तर तेल एकदम गार होतं आणि शेगडीला ते परत तापवायला वेळ लागतो, तोवर चकली तेल पीत बसते. थर्मामीटर असेल तर सोडताना 180 अंश, मग आकडा उतरवायचा. बुडबुडे जवळजवळ थांबल्याशिवाय झारा लावायचा नाही. मोहन दोन वाट्या भाजणीला दोन मोठे चमचे कडकडीत तेल, यापुढे हात गेला की चकली तेलात विरघळते. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही, आतली वाफच चकली मऊ करते.

बाकीचं सामान मिळतं, फक्त पुडक्यावरचं वाचता यायला हवं. मैद्याला इथे आकडे असतात. शंकरपाळ्यांना 405 नंबरचा. आकडा वाढत जातो तसा कोंडा वाढतो. रव्यात मऊ गव्हाचा आणि कडक गव्हाचा असे दोन. लाडवाला मऊ गव्हाचा घ्यावा, दुसरा पिवळट असतो आणि पाकात फुगून येत नाही. लोणी मात्र छान. 250 ग्रॅमच्या वडीत 82 टक्के स्निग्धांश, कढवलं की दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप. खसखस पावाच्या दुकानात ढिगानं मिळते, पण निळी-काळी. तिच्यात थापलेला अनारसा तेलात हसला नाही तरी पाहुणे हसतात. दुबईकरांचे हाल याहून वाईट; तिथे खसखस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे.

नरकचतुर्दशीला तर इथे सुखच आहे. ऑक्टोबरच्या मध्यानंतर, महिनाअखेरीला घड्याळं तासभर मागे जाईपर्यंत, सूर्य उगवतो पावणेआठ उलटून गेल्यावर. पुण्यात साडेसहाच्या आत तेल-उटणं आटपायचं म्हणून पाच वाजता उठवलेली पोरं आठवा आणि सावकाश सातला उठा, पुण्य तेवढंच. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, तीही पाळली जाते. करीट मिळत नाही, कुणी चेरी टोमॅटो चिरडतं. उटणं मात्र ताटात पाय ठेवून लावा, शॉवरच्या जाळीत त्याचा चिखल बसतो.

हे सगळं मी बाईंना सांगितलं नाही. तेलाचं तेवढं सांगितलं. गार करून, बाटलीत भरून, बूच लावून उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात. बरोबर उत्तर होतं. परीक्षकाला उत्तर आवडलं नाही की होतो तसा बाईंचा चेहरा झाला. मग त्यांनी खिडक्यांचा विषय काढला. तिरकी उघडून दिवसभर ठेवायची नाही; भिंती गार होतात, बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, आणि त्या वेळी हीटर बंद. चकल्या तळत असाल तर त्या दिवशी चार वेळा. खोलीचं दार मात्र बंद. ‘‘म्हणजे वास बाहेर जातो, जिन्यात नाही,’’ त्या म्हणाल्या. हे खरं आहे, करून पाहावं. सल्ला बरोबर असला की राग दुप्पट येतो.

आणि राग कशाचा, ते सांगतो. बोलता बोलता माझी नजर त्यांच्या दाराकडे गेली. चौकटीवर खडूनं लिहिलेलं आहे: 20, मग सी, एम, बी, मधे क्रॉस, आणि शेवटी सालाचे दोन आकडे. 6 जानेवारीच्या सुमारास, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे कपडे घातलेली मुलं दारोदार फिरतात, गाणं म्हणतात, धर्मादायासाठी पैसे गोळा करतात आणि चौकटीवर खडूनं हे लिहून जातात. ख्रिस्तानं या घराला आशीर्वाद द्यावा, असा त्याचा अर्थ. सुंदर चाल आहे, मुलं गोड असतात, आम्हीही पैसे देतो. पण तो खडू वर्षभर चौकटीवर असतो. पांढरी भुकटीच ती, दारावर, देवानं आत यावं म्हणून. पन्नास-बावन्न केरवोखी त्याच्या खालून जातात, एकही फडकं वर जात नाही.

आमची भुकटी एक रात्र टिकली.

हे मी बाईंना म्हटलं. या वेळी क्रियापदापर्यंत पोचलो. त्यांनी मान वर करून चौकटीकडे पाहिलं, बराच वेळ. ‘‘ते दारावर आहे,’’ म्हणाल्या. ‘‘जमिनीवर नाही. जिना म्हणजे आगीच्या वेळी पळण्याची वाट. तिथे काही ठेवायचं नसतं.’’

आग लागली तर माणसं रांगोळीला अडखळून पडतील, असा याचा अर्थ घ्यायचा का? पणत्यांबद्दल मी वाद घालत नाही. जिन्यात उघडी ज्योत नको, हे पटतं. आकाशकंदील बाल्कनीत, विजेचा दिवा घालून. फुलबाज्या वर्षभर चालतात, बारा वर्षांवरच्यांना. बाकीचे फटाके डिसेंबरच्या शेवटच्या तीन दिवसांतच विकतात आणि एकतीसच्या रात्री हेच शांत शहर मध्यरात्री असं धडाडतं की पोरं घाबरून उठतात. त्या रात्री शांततेचा नियम कुठल्या डब्यात जातो ते विचारायची माझी फार इच्छा आहे.

तोडगा म्हणाल तर निघाला, आणि इथे राहणाऱ्यांच्या कामाचा आहे. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून चाळीस बाय चाळीसची काळी, खरखरीत फरशी आणायची. गुळगुळीत नको, तिच्यावर पूड घसरते. रांगोळी घरातच काढायची, संध्याकाळी फरशी उचलून दाराशी भिंतीला लगटून ठेवायची आणि रात्री दहाच्या आत घरात घ्यायची. पाच दिवस टिकवायची असेल तर ठिपके आणि रेषा पांढऱ्या ॲक्रिलिक रंगानं काढून ठेवा आणि वरून रोज पुडीचा हात फिरवा. उचलताना दोन्ही हातांनी, सपाट. एका बाजूनं कलली की कमळाचं दही होतं.

बाईंनी फरशी पाहिली. वाकून तिची खालची बाजू बोटानं चाचपली, घरात गेल्या आणि खुर्चीच्या पायांना लावतात ते फेल्टचे चार गोल घेऊन आल्या. जिन्यातल्या टेराझोच्या लादीवर चरे पडतात म्हणाल्या. कोपऱ्यापासून दोन सेंटिमीटर आत चिकटवायचे, आणि आधी फरशी ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर गोंद धरत नाही.