पंचवीस पट जमले, पण घरच्यांना विचारलं का?
'वर्षाच्या खर्चाच्या 25 पट जमवा आणि पंचेचाळिशीत मोकळे व्हा' हा लवकर निवृत्तीवरच्या तुमच्या लेखातला हिशेब अमेरिकेतल्या 30 वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला आहे. पंचेचाळिशीत सुटणाऱ्याला चाळीसेक वर्षं काढायची असतात, आणि आपली महागाई वेगळी. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पूर्ण पेन्शन 58 ला. पन्नाशीनंतर आधी घेतली तर वर्षामागे 4 टक्के कापतात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच जातो. त्यात आईवडील असतील तर सत्तरीत त्यांची नवी पॉलिसी काढून बघा, प्रीमियम ऐकूनच घाम फुटतो. वेगळी पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, म्हणजे वेटिंग पीरियड (आधीपासूनच्या आजारांना विमा लागू होईपर्यंतचा काळ) तेव्हाच सरतो.

बायकोचा उल्लेख लेखात एकदाच, तोही खर्चात! तिची नोकरी चालू असेल तर सकाळचे डबे कोण करणार, हेही ठरवा की. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लवकर निवृत्त झालेल्याच्या गळ्यात आधी सेक्रेटरीपद पडतं (हसू नका). त्यापेक्षा आधीपासूनच कुठेतरी रमून बघावं. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघासारखी 1923 पासूनची सामाजिक संस्था आहे.

गावी परतणाऱ्यांवरही लिहा ना. कोकणात घर आहे, पण जवळ मोठं हॉस्पिटल नाही, तिथेच आमचं अडलंय.