कव्हर कोणी कोणाचं केलं?

आज दुपारी पानावर बसलो असताना दादाच्या लेकाने (वय १९, गळ्यात हेडफोन) जाहीर केलं, "काका, 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'चं डिलनने केलेलं कव्हर ऐकलं. काय रडकं आहे!"

डिलनने केलेलं कव्हर!! (कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात करणं.) घास घशातच अडकला. अरे, गाणं मुळात बॉब डिलनचं, त्या अमेरिकन गायक-गीतकाराचं आहे! नोव्हेंबर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलला त्याने ते रेकॉर्ड केलं. गिटार, माउथऑर्गन, बास, ड्रम्स. विदूषक आणि चोर बोलायला लागतात आणि अडीच मिनिटांत खेळ खलास. कव्हर आहे ते गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचं, आणि ते आलं १९६८ च्या सप्टेंबरात. हे सगळं मी हातवारे करून सांगतोय आणि दादा शांतपणे कोशिंबीर वाढून घेतोय. एक अक्षर बोलला नाही.

ज्याने मला हे गाणं दिलं, तोच! नव्वद मिनिटांची कॅसेट, ए बाजूला डिलन, बी बाजूला हेंड्रिक्स. थेट बी बाजू लावायला बंदी. "वरणभात संपल्याशिवाय श्रीखंड नाही," म्हणायचा. हल्लीच्या पोरांना ताटात आधी श्रीखंडच पडतं, आणि मग वरणभात अळणी लागतो.

बरं, हेंड्रिक्सचं जास्त भारी आहे. मान्य. लंडनला सुरू केलं, डेव्ह मेसनला बारा तारांची गिटार दिली, त्याचा बासवाला नोएल रेडिंग वैतागून निघून गेला तर बासही स्वतःच वाजवला, मग न्यूयॉर्कला नेऊन थरावर थर चढवत बसला. वेडा माणूस.

पण मला डिलनचं कौतुक जास्त आहे. १९७० मध्ये हेंड्रिक्स गेला. १९७४ च्या दौऱ्यात डिलन आपलंच गाणं हेंड्रिक्सच्या वळणाने वाजवत होता. आपल्याकडे शेजारणीने आपली आमटी सुधारून दाखवली तर चार महिने बोलणं बंद असतं!

(यूटू या आयरिश बँडने १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वाजवलं ते मला उरकल्यासारखं वाटतं. गायक नील यंगने १९९२ मध्ये, डिलनच्याच गौरवाच्या मैफलीत, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला वाजवलं ते मात्र कान देऊन ऐका.)

गाण्यात कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) तीनच. ए मायनर, जी, एफ. दादा शिकवायचा तेव्हा मला पहिल्या दोन जमल्या. एफला तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची, आणि माझ्या गिटारमधून नुसता ठक्क आवाज. दादा माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबायचा. कळ डोक्यात जायची. फोड आले, एफ आली नाही.

जेवण झाल्यावर पोराने गिटार काढली आणि तेच गाणं वाजवलं. हेंड्रिक्सच्या वळणाने, अर्थात. एफ घंटेसारखी वाजली. मी दादाकडे पाहिलं. त्याची डावी तर्जनी टेबलाच्या कडेवर आडवी पडली होती, नख पांढरं होईस्तोवर दाबलेली.

मग पोराला फार बोललो नाही.

निघताना दादा म्हणाला, "ती कॅसेट असती ना, तर याला ए बाजू ऐकवली असती. कुठे गेली कोण जाणे."

दादा, तू फेसबुकवर नाहीस म्हणून इथे लिहितोय. माझ्याकडे आहे. २००१ च्या गणपतीत ढापली होती.