हेन्री हूक आणि माझा तथाकथित पुळका

हेन्री हूक हा 1879 साली दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांशी झालेल्या युद्धात लढलेला इंग्रज शिपाई. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय : "गोऱ्या शिपायाचा एवढा पुळका कशाला? लढाई संपल्यावर जखमी झुलूंना मारून टाकलं, ते का गाळलंत? आणि हे युद्ध लादलं कोणी?"

ओळी तीनच, पण सुरुवातच 'पुळका'ने. समोर बसून कुणी असं बोलेल का? बिननावाने लिहिलं की धीर येतो.

तर पुळक्याचंच बोलू. माझे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले. गोरा साहेब हिंदी शिपायाला कसा वागवायचा हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, आमच्या ओसरीवर ऐकलंय. पेन्शनीसाठी त्यांनी घातलेले हेलपाटे घरात सगळ्यांना पाठ आहेत. तेव्हा साम्राज्य कशाशी खातात हे कृपा करून मला शिकवू नका.

मी लिहिलं ते दवाखान्यातल्या एका स्वयंपाक्याबद्दल. ग्लॉस्टरशरच्या खेड्यातला हा माणूस 22 जानेवारी 1879 ला रोर्क्स ड्रिफ्ट ह्या इंग्रजांच्या छोट्या ठाण्यावर आजाऱ्यांसाठी चहा करत होता. काही तासांनी झुलूंचा हल्ला, डोक्यावरचं छप्पर पेटलेलं, साथीदार जॉन विल्यम्स कुदळीने मातीच्या विटांची भिंत फोडतोय आणि हूक दारात संगीन रोखून उभा. भगदाड पडलं की एकेकाला पलीकडे ओढायचं, की पुढच्या खोलीत पुन्हा तेच. कॉनोली ह्या आजाऱ्याचा पाय आधीच मोडलेला, ओढताना पुन्हा मोडला. इलाजच नव्हता. हूकचंही डोकं भाल्याने फुटलं होतं. ह्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. आणि त्यानंतर? ब्रिटिश म्युझियममध्ये पुस्तकांवरची धूळ झटकायची नोकरी, 1905 साली क्षयाने मरण. वर 1964 च्या चित्रपटाने त्याला दारुडा आणि कामचुकार करून टाकलं. खरा हूक दारूला शिवत नसे. आता सांगा, ह्यात मी आरती कुठे ओवाळली?

युद्ध कोणी लादलं म्हणता? दक्षिण आफ्रिकेतला तेव्हाचा ब्रिटिश हाय कमिशनर बार्टल फ्रिअर, त्याने. 11 डिसेंबर 1878 ला झुलूंच्या सेत्सवायो राजाच्या माणसांपुढे त्याने ज्या अटी ठेवल्या, त्या पाळल्या जाणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. सातारा खालसा झाल्यावर तिथे कमिशनर म्हणून बसला तो हाच फ्रिअर, पुढे मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली ती त्याच्याच कारकिर्दीत. मी सातारचा. फ्रिअर कोण हे मला विचारायचं?

एक मान्य करतो. झुलूंचं नेतृत्व करणारा दाबुलामान्झी, सेत्सवायोचा सावत्र भाऊ, त्याचं नाव लेखात यायला हवं होतं. आजच घातलं. चांगली सूचना मी नेहमीच घेतो, जुन्या वाचकांना विचारा.

राहिलं जखमींचं. मारलं, हे खरंच आहे, कुणी नाकारत नाही. पण लेख हूकवर होता, लढाईच्या दुसऱ्या सकाळवर नव्हता. आणि रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईच्याच दिवशी जवळच्या इसांडल्वानाला इंग्रजी फौज कापून काढताना झुलूंनी तरी कुठे कैदी घेतले होते? सगळंच लिहायचं तर ग्रंथ होईल.

पुढचा लेख त्याच लढाईतल्या फ्रेडरिक हिचवर आहे. गोळीने खांद्याचा चुराडा झाला तरी रात्रभर काडतुसं वाटत राहिला, पुढे लंडनच्या रस्त्यांवर भाड्याची गाडी हाकली. त्यातही पुळकाच दिसणार असेल तर आपण वाचायचे कष्ट घेऊ नयेत, ही नम्र विनंती.