आयएसबीएन फुकट मिळतो

परवा राम मारुती रोडवर एक ओळखीचे सर भेटले. काखेत तीनशे पानांचा प्रिंटआउट. पहिला प्रश्न, "आयएसबीएन देता ना?" दुसरा, "मार्चच्या आत होईल ना?" पुस्तक कशावर आहे ते मी विचारलं तेव्हा कळलं.

ठाण्याच्या नौपाड्यात दोन खोल्यांत चालणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादनाचं काम करते. संशोधनपर पुस्तकं, वर्षाला चार, फार तर पाच. हे दोन प्रश्न मला आता पाठ झालेत. पहिल्याचं उत्तर एकदाचं देऊन टाकते. आयएसबीएन हा पुस्तकाचा १३ आकडी ओळख-क्रमांक आहे. राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून तो प्रकाशकाला फुकट मिळतो. लोणच्यांच्या पुस्तकालाही मिळतो. आत काय लिहिलंय ते तिथे कुणी तपासत नाही. तरीही "आयएसबीएनसह" म्हणून हजारो रुपये मागणारे आहेत, आणि देणारेही आहेत.

देणाऱ्यांना मी फार बोल लावणार नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकाला राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाला ५. बढतीची फाइल समोर असली की माणूस गुण मोजणारच.

पण आमचं घोडं दुसरीकडेच अडतं. हस्तलिखित आलं की आधी आम्ही दोघं-तिघं वाचतो. बरीचशी इथूनच परत जातात, कारण पीएच.डी.चा प्रबंध जसाच्या तसा आलेला असतो, 'संशोधनाची गृहीतके' या प्रकरणासकट. उरलेली बाहेरच्या दोन जाणकारांकडे जातात. लेखकाचं नाव काढून. हे नाव काढणं मोठं गमतीचं प्रकरण आहे. मुखपृष्ठावरचं नाव काढलं, ऋणनिर्देश काढला, आणि आत तळटीपांत "प्रस्तुत लेखकाने अन्यत्र दाखवल्याप्रमाणे" चौदा वेळा! तेही काढलं तरी मराठीत एखाद्या विषयावर काम करणारी माणसं असतात चार. त्यातले एक लेखकाचे गाईड, दुसरे तोंडी परीक्षेला आलेले, तिसऱ्यांशी लेखकाचा अबोला. चौथे लेखक स्वतः.

त्यामुळे लेखक आणि परीक्षक अशी दोन्हीकडची नावं झाकण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळदा नाटक ठरते, असं माझं मत झालंय. झाकायचं तर परीक्षकाचं नाव झाका, म्हणजे तो मोकळेपणी लिहील. आणि त्याच चौघांत फिरण्यापेक्षा विषयाच्या कुंपणाबाहेरचा एक वाचक शोधा. काही वर्षांपूर्वी ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवरचं एक हस्तलिखित आलं होतं. एका नामवंत परीक्षकांचा अभिप्राय दोन ओळींचा : "उत्तम. छापावे." दुसरं वाचन आम्ही कोपरखैरण्याच्या एका निवृत्त शाळामास्तरांकडे दिलं. आगरी घरातले, वडिलांनी मिठागरात काम केलेलं. समितीत थोडी कुरबुर झाली, त्यांच्याकडे पीएच.डी. नाही म्हणून. त्यांनी अकरा पानं हातानं लिहून पाठवली. लेखकाने खाजण आणि मिठागर हे शब्द एकाच अर्थाने वापरले होते. मास्तरांनी लिहिलं, खाजणात बांध घालून आम्ही भात पिकवायचो, तुम्ही आमचं शेतच मिठात घातलंत. त्या एका वाक्यापायी लेखकाला जमीनमालकीचं अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. आठ महिने गेले. माझ्या मते त्या आठ महिन्यांतच ते पुस्तक झालं.

आम्ही काही फार शहाणे आहोत अशातला भाग नाही. एक हस्तलिखित एका परीक्षकांकडे नऊ महिने पडून होतं आणि मी संकोचापायी फोन केला नाही. मानधन आम्ही देतो ते रिक्षाभाडं आणि चार पुस्तकं. अशा माणसाला तगादा लावायचा कुठल्या तोंडाने? लेखिकेने शेवटी ते दुसरीकडे दिलं. बरोबरच केलं तिने.

छपाईचं थोडक्यात सांगते. तीनशे प्रती. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा; म्हणून ३०४ पानांत बसलं तर १९ फर्मे. चार पानं वाढली की विसावा फर्मा डोक्यावर. मग कुऱ्हाड पुस्तकाच्या शेवटच्या सूचीवर पडते, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणाऱ्या यादीवर, जी खरं तर संशोधकाला सगळ्यात जास्त लागते. (सूचीवरून माझं आमच्या मालकांशी दर पुस्तकाला भांडण होतं. आतापर्यंत दोनदा जिंकलेय.) पुस्तक आलं की १९५४च्या कायद्यानुसार तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्या. आमच्या तीनशेतल्या चार अशा जातात, पण त्या पाठवताना मला बरं वाटतं.

तर ते सर. मार्चमध्ये होणार नाही, वर्ष-दीड वर्ष लागेल, हे मी तिथेच रस्त्यात सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "बघतो" म्हणाले. चार दिवसांनी प्रिंटआउट ऑफिसात आणून ठेवला. चाळतेय. विषय चांगला आहे, आणि दुसरं प्रकरण तर खरंच चांगलं आहे. फक्त पहिल्याच पानावर पीएच.डी.चं प्रमाणपत्र रंगीत स्कॅन करून लावलंय, फोटोसकट. उद्या वाचायला देण्याआधी ते काढायचंय.