‘दहा मिनिटांचं काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

डेबियन या लिनक्स वितरणातलं लायब्ररीचं (इतर प्रोग्राम वापरतात त्या सामायिक कोडचं) पॅकेज ४.२.१ या आवृत्तीवरून ४.३.० वर कसं न्यायचं, या मागच्या लेखावर ‘जुना वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. खाली उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय. प्रतिक्रिया अशी (टारबॉल म्हणजे मूळ कोडचा गठ्ठा, बिल्ड म्हणजे त्यातून पॅकेज बांधणं, आर्च हे दुसरं लिनक्स वितरण, पीकेजीव्हर ही त्याच्या पीकेजीबिल्ड फाइलमधली आवृत्तीची ओळ, डीसीएच ही डेबियनच्या चेंजलॉगमध्ये नोंद घालणारी आज्ञा):

“सत्यनारायणाची पोथी ऐकल्यासारखं वाटलं. नवा टारबॉल आणायचा, चेंजलॉगमध्ये आकडा बदलायचा, बिल्ड मारायचं, दहा मिनिटांचं काम आहे. आर्चमध्ये पीकेजीव्हर बदललं, अपडीपीकेजीसम्स चालवलं की झालं. या असल्या सोवळ्यामुळेच डेबियन दोन वर्षं मागे असतं. लहानशा स्क्रिप्टच्या पॅकेजला यातल्या किती पायऱ्या खरंच लागतात ते कुठेच सांगितलेलं नाही. आणि डीसीएच -आय चूक आहे.”

आधी सुराबद्दल. मतभेद असायला कुणाची ना नाही. पण ‘पोथी’ आणि ‘सोवळं’ हे शब्द मुद्दा मांडायला लागत नाहीत, ते समोरच्याला खाली बसवायला लागतात. आणि पोथीच काढलीत तर त्यातला प्रसाद न घेता निघालेल्या कलावतीच्या नवऱ्याच्या गलबताचं काय होतं, तो अध्यायही आपण ऐकला असेलच. डेबियनची ‘सार्ज’ ही आवृत्ती २००५ मध्ये आली तेव्हापासून हे काम करतोय. पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी रूल्स फाइल शंभर ओळींची असायची, ती तीन ओळींची झालेली पाहिली आहे. तेव्हा यातली कुठली पायरी उगाच आहे आणि कुठली नाही, एवढं कळत असावं असं समजायला हरकत नाही.

डीसीएच -आयचं मान्य. तिथे डीसीएच -व्ही ४.३.०-१ हवं होतं. -आय दिलं की मागचीच आवृत्ती पुढे सरकते, ४.२.१-२ होते. मग सोर्स पॅकेज बनवणारं डीपीकेजी-सोर्स ४.२.१चा टारबॉल उलगडतं, समोरचं कोडचं झाड मात्र ४.३.०चं असतं, आणि अपस्ट्रीममध्ये (मूळ प्रकल्पाच्या कोडमध्ये) अनपेक्षित बदल आहेत म्हणून ते काम तिथेच सोडून देतं. टंकनदोष होता, दुरुस्त केला आहे. त्याने कुणाचं पॅकेज बिघडलं नसणार, कारण पॅकेज बनतच नाही.

आता ते दहा मिनिटांचं काम.

‘नवा टारबॉल आणायचा.’ कुठून? ब्राउझरने उतरवून डाउनलोड्समधून ओढून आणलात तर डिजिटल सही कोण तपासणार? यासाठीच नवी आवृत्ती कुठे शोधायची ते सांगणारी डेबियन/वॉच फाइल असते आणि डेबियन/अपस्ट्रीममध्ये मूळ लेखकांची किल्ली, साइनिंग-की.एएससी, असते. जीबीपी इम्पोर्ट-ओरिग --यूस्कॅन म्हटलं की टारबॉल उतरतो, सही या किल्लीशी ताडली जाते, मगच तो अपस्ट्रीम ब्रँचवर चढतो. सही जुळली म्हणजे भागलं असंही नाही. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या प्रकल्पातलं चोरदरवाज्याचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या दोन्ही आवृत्त्या प्रकल्पाच्या रीतसर मेंटेनरनेच काढल्या होत्या. घात केला तो बिल्ड-टू-होस्ट.एम४ या फाइलमधल्या ओळींनी. त्या ओळी टारबॉलमध्ये होत्या, गिटमध्ये (कोडच्या सार्वजनिक भांडारात) नव्हत्या. म्हणून लेखात टारबॉल उघडून गिटमधल्या त्याच आवृत्तीच्या टॅगशी डिफ लावा, म्हणजे फरक काढा, असं लिहिलं होतं. कॉन्फिगर आणि मेकफाइल.इन यांचा फरक दिसणारच, त्या तयार केलेल्या फाइली असतात. एम४ फोल्डरमधला फरक मात्र ओळीओळीने वाचायचा.

आणि अपडीपीकेजीसम्सचं कौतुक आवरा. ते जे उतरलं त्याचीच चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा आकडा) काढून पीकेजीबिल्डमध्ये लिहितं. चोराची फाइल उतरली तर चोराच्या फाइलची चेकसम लिहिली जाईल आणि ती तंतोतंत जुळेल. आर्चमध्येही सहीसाठी व्हॅलिडपीजीपीकीज ही विश्वासाच्या किल्ल्यांची यादी लागतेच. पीकेजीव्हर बदलल्यावर पीकेजीरेल (त्या आवृत्तीचं कितवं पॅकेज तो आकडा) १ वर आणायचं असतं, ते आपण लिहायचं विसरलात. असो.

‘आकडा बदलायचा.’ या दोन शब्दांवर लोकांचे महिने गेले आहेत. एखादं आरसी (पक्क्या आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती) आलं आणि ते ४.३.०आरसी१ असंच चढवलं, की पक्कं ४.३.० आल्यावर ते डीपीकेजीला (डेबियनमध्ये पॅकेज बसवणाऱ्या साधनाला) जुनं वाटतं. अक्षरांचं शेपूट असलेली आवृत्ती मोठी ठरते. म्हणून मध्ये टिल्डा घालायचा, ४.३.०~आरसी१, कारण टिल्डा ‘काहीच नाही’ याच्याही आधी लागतो. उलट जायची वेळ आली तर? अर्काइव्हमध्ये, म्हणजे डेबियनच्या पॅकेजसाठ्यात, आकडा मागे नेता येत नाही. एक्सझेडच्या वेळी डेबियनला ५.४.५चा कोड परत आणायचा होता, तर आवृत्ती ५.६.१+रिअली५.४.५-१ अशी द्यावी लागली. इपॉक (आवृत्तीच्या आधी लागणारा, तुलनेत बाकी सगळ्याला मात देणारा आकडा) वाढवूनही हे जमलं असतं, पण इपॉक एकदा लावलं की त्या पॅकेजच्या कपाळी कायमचं.

टारबॉल आला, आकडा बसला. मग क्विल्ट पुश -ए, म्हणजे डेबियनचे पॅच (मूळ कोडवरचे छोटे बदल) नव्या कोडवर चढवायचे. काही पॅच अपस्ट्रीमने स्वतःच घेतलेले असतात, ते क्विल्ट डिलीट -आरने काढायचे. काही पॅच लागतात, पण फझ दाखवून. हाताने बांधताना कुणी तिकडे लक्ष देत नाही. डीपीकेजी-सोर्स मात्र फझ खपवून घेत नाही, आणि तेच बरं. आजूबाजूच्या ओळी जुळत नसताना लागलेला पॅच भलत्याच फंक्शनमध्ये जाऊन बसू शकतो. फाइल उघडून बघायची, योग्य जागी असेल तर क्विल्ट रिफ्रेश.

खरी गंमत सिम्बल्स फाइलीत (लायब्ररीतलं कुठलं फंक्शन कुठल्या आवृत्तीत आलं त्या यादीत) आहे, आणि लेखातला हाच भाग आपण वाचलेला दिसत नाही. लायब्ररी बांधल्यावर डीपीकेजी-जेनसिम्बल्स जुन्या यादीशी डिफ दाखवतं. समजा ‘फू’ नावाच्या लायब्ररीत अशी ओळ आली:

+ फू_सीक@बेस ४.३.०-१

ही जशीच्या तशी डेबियन/लिबफू४.सिम्बल्समध्ये चिकटवायची नाही. शेवटचा -१ उडवून ४.३.० ठेवायचं. तो -१ ठेवला की फू_सीक वापरणारा प्रत्येक प्रोग्राम ‘४.३.०-१ किंवा पुढचं’ मागायला लागतो, आणि बॅकपोर्टची (स्थिर डेबियनसाठी पुन्हा बांधलेली) ४.३.०-१~बीपीओ१३+१ ही आवृत्ती त्यात बसत नाही. पुन्हा तोच टिल्डा. आणि ओळ घातलीच नाही तर? बिल्ड होतं, फक्त इशारा येतो. पण पुढच्या वेळी ४.४.० बांधताना तेच फंक्शन ४.४.०-१ मध्ये आलं अशी नोंद होते, आणि ज्याला ४.३.० पुरलं असतं तोही ४.४.० मागतो.

उणे चिन्हाची ओळ आली तर बिल्ड पडतं. इथे दहा मिनिटंवाला काय करतो? सिम्बल्समधून ती ओळ खोडतो. बिल्ड हिरवं होतं, पॅकेज चढतं, आणि लोकांच्या यंत्रावर त्या लायब्ररीवर चालणारा एखादा प्रोग्राम उघडताच ‘सिम्बल लुकअप एरर’ म्हणून कोसळतो. फंक्शन खरंच गेलं असेल तर अपस्ट्रीमने सोनेम (लायब्ररीच्या नावातला सुसंगततेचा आकडा) वाढवायला हवं होतं. त्यांना तसं कळवायचं. त्यांनी वाढवलं की लिबफू४चं लिबफू५ होतं. नावाने नवं बायनरी (बांधून तयार) पॅकेज म्हणजे न्यू रांग, तिथे नवी पॅकेजं तपासणारा डेबियनचा माणूस ते स्वतः वाचतो. तोवर एक्सपेरिमेंटल या चाचणीच्या विभागात ठेवायचं, अवलंबून असलेली पॅकेजं त्यावर बांधून बघायची, रिलीज टीमकडे ट्रान्झिशनचा (सगळ्यांना नव्या लायब्ररीवर हलवण्याचा) बग टाकायचा, आणि त्यांनी हो म्हटल्यावर अनस्टेबल, म्हणजे रोजच्या विकासाचा विभाग. मोजा यात किती दहा मिनिटं येतात.

‘बिल्ड मारायचं.’ कशात? स्वतःच्या लॅपटॉपवर पन्नास -डेव्ह (बांधणीला लागणारी) पॅकेजं पडलेली असतात. कॉन्फिगरला त्यातलं एखादं सापडतं, तो ते गुपचूप जोडून घेतो, आणि बिल्ड-डिपेंड्समध्ये (बांधायला काय लागतं त्या यादीत) त्याचं नाव नसतं. बिल्डडीवर, म्हणजे डेबियनच्या बांधणी यंत्रावर, तेच पॅकेज एकतर पडतं किंवा एक सोय गमावून बांधलं जातं. हे दुसरं जास्त वाईट, कारण लॉग कुणी वाचत नाही. म्हणून एसबिल्डने बांधायचं, अनस्टेबलच्या कोऱ्या क्रूटमध्ये (बाकी यंत्रापासून वेगळ्या फोल्डरात). तसंही मेंटेनरने स्वतः बांधलेली बायनरी आता टेस्टिंगमध्ये (पुढच्या पक्क्या डेबियनच्या तयारीच्या विभागात) जात नाही, सोर्सच चढवावा लागतो. आणि टेस्टिंगमध्ये जायला मीडियम अर्जन्सीला (मध्यम तातडीला) ठरलेले ५ दिवस आहेतच. मध्ये दुसऱ्या कुणाचं ऑटोपीकेजीटेस्ट (पॅकेजची आपोआप चालणारी चाचणी) आपल्यामुळे मोडलं तर तिथेच अडकून पडतं.

कॉन्फफाइलींबद्दल (/ईटीसीमधल्या सेटिंगच्या फाइलींबद्दल) एवढंच. नव्या आवृत्तीने /ईटीसी/क्रॉन.डीमधली फाइल टाकून दिली, तरी डीपीकेजी ती आपणहून पुसत नाही. डेबियन/फू.मेंटस्क्रिप्टमध्ये आरएम_कॉन्फफाइलची ओळ, फाइलीचा पूर्ण पत्ता आणि ४.३.०-१~ असं घालावं लागतं. नाहीतर ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन रोज रात्री नसलेल्या प्रोग्रामला हाक मारतो आणि रूटला (यंत्राच्या मुख्य खात्याला) मेल पाठवतो. हे कोऱ्या इन्स्टॉलमध्ये कधीच दिसत नाही. आधी ४.२.१ बसवून त्यावर ४.३.० चढवलं तरच दिसतं. एका पॅकेजमधली फाइल दुसऱ्यात हलवली आणि ती हलली हे सांगणारं ब्रेक्स-रिप्लेसेस विसरलं, तर ‘ही फाइल आधीच त्या पॅकेजात आहे’ म्हणून अपग्रेड मध्येच थांबतं, तेही असंच. बसवणं, अपग्रेड आणि काढणं तपासणारं पाययूपार्ट्स याच कामासाठी आहे.

राहिलेलं थोडक्यात. डेबियन ‘मागे’ असतं कारण स्टेबलमध्ये, म्हणजे जाहीर झालेल्या पक्क्या डेबियनमध्ये, पॅकेजची नवी आवृत्ती घालायची नाही हे ठरवून केलेलं आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आकड्यावर बसवतात, घाई असणाऱ्याला बॅकपोर्ट्स आहेत. हे शंभरदा लिहून झालंय. लहान स्क्रिप्टच्या पॅकेजचं म्हणाल, तर लेख लायब्ररीबद्दल होता आणि तसं दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. स्क्रिप्टला सिम्बल्स फाइल नसते हे सांगायला वेगळा लेख कशाला?

शेवटी एक विनंती. तुमचं ते दहा मिनिटांत नवं केलेलं पॅकेज कुठलं, नाव कळवा. जुनी आणि नवी डीएससी (सोर्स पॅकेजची वर्णन फाइल) घेऊन डेबडिफने फरक काढतो, चुका शोधणारं लिंटियनही चालवतो, जे निघेल ते इथेच टाकतो. वॉच फाइल असेल तर उत्तमच.