शाकारणीला कोण येणार?

रत्नागिरीजवळच्या आमच्या कौलारू घराचे काय करावे, यावरून कुटुंबात दोन वर्षे वाद चालू आहे. मातीच्या भिंती पाडून स्लॅब टाकावा, असे थोरल्या काकांचे म्हणणे आहे, तर पुण्या-मुंबईची भावंडे घराला हात लावू देत नाहीत. मी आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेत राहतो आणि दोन्ही बाजूंचे निरोप वाचताना मला इथली जुनी घरे आठवतात.

इथले जुने शेतकरी घर लांबट आणि एका खोलीच्या रुंदीचे असे. भिंती जवळ मिळेल त्या दगडाच्या, दगड नसेल तिथे तुडवलेल्या मातीच्या, वर चुन्याची सफेदी. इमारती लाकूड दुर्मीळ असल्याने वाशांसाठी दलदलीत हजारो वर्षे गाडलेली झाडे उकरून काढत. वाशांवर मुळांसकट कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्या आणि त्यांवर गव्हाचा किंवा ओटचा पेंढा अंथरत. अटलांटिकच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून किनाऱ्यालगत छपरावर दोर आवळून त्यांची टोके वळचणीखाली भिंतीत बसवलेल्या दगडी खुंट्यांना बांधत. एका पडक्या घरात मी त्या खुंट्या पाहिल्या. छप्पर केव्हाच गेले होते, खुंट्या मात्र जागच्या जागी होत्या. वर्षा-दोन वर्षांनी पेंढ्याचा नवा थर चढवावाच लागे. अशा कामांना शेजारी धावून येत. त्याला आयरिशमध्ये ‘मेहल’ म्हणतात. आपली इर्जिक ती हीच.

जुन्या घरासाठी गहिवरणाऱ्या भावंडांनी 1841 ची आयरिश जनगणना जरूर पाहावी. तिच्यात घरांचे चार वर्ग केले होते आणि एका खोलीच्या मातीच्या झोपड्या, म्हणजे चौथा वर्ग, पाच लाखांच्या जवळपास होत्या. 1851 मध्ये त्या दीड लाखांच्या आत आल्या, कारण बटाट्यावरील रोगानंतरच्या दुष्काळात तिथे राहणारे मेले तरी किंवा देशोधडीला लागले. पारंपरिक घराच्या चित्रात ही झोपडी कोणी काढत नाही.

काकांनाही एक सांगणे आहे. इथे अनेकांनी चुन्याच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केला, तेव्हा भिंतीतली ओल बाहेर पडेना आणि घरे आतून दमट झाली. शिवाय कोकणातल्या पावसात स्लॅब गळू लागला की त्यावर पत्र्याची शेड येते, हे काकांनी शेजारीच पाहिले आहे.

मृगाआधीच्या शाकारणीला, म्हणजे कौले उतरवून झाडायला आणि फुटकी बदलायला, दरवर्षी कोण येणार, त्यांची नावे मी कुटुंबाच्या ग्रुपवर मागितली आहेत. आजवर एकच नाव आले आहे, आणि ते माझे नाही.